पहिला घास

(भाईंदर पूर्वेतील बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज सकाळी उठल्यापासून इथे येईपर्यंत तुम्ही काय काय खाल्लंत ते जरा मनातल्या मनात आठवा. मी कुणाला उभं करून विचारणार नाही. आणि तसंच, घरातल्या बाकीच्यांनी काय खाल्लं तेही आठवा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर झटकन आलं असेल. नवऱ्याने दोन चपात्या नि भाजी, मुलाने दूध, सासूबाईंनी मऊ भात. आपल्या स्वतःच्या बाबतीत मात्र जरा थांबावं लागलं असेल.

नवघर, गोडदेव, काशिमीरा, पेणकरपाडा अशा ठिकाणी बैठका घेताना मी हा प्रश्न विचारत आले आहे. उत्तर बहुतेक एकच येतं, "चहा घेतला." चहाबरोबर काय? "काही नाही, बटर होतं." किंवा खारी, किंवा दोन बिस्किटं, किंवा रात्रीची उरलेली अर्धी चपाती. त्यानंतर डबा उघडायचा तो दुपारी एक-दोनला. पहाटे पाणी येतं म्हणून साडेचारला उठलेली बाई दुपारी दोनपर्यंत दोन-तीन कप गोड चहावर चालते. वर आपणच म्हणतो, "ताई, अकरा वाजले की हातपाय गळून जातात हो. वयच झालं." वय काय, तर छत्तीस!

संयोजक मैत्रिणींनी जेव्हा सांगितलं की सकाळच्या नाश्त्यावर बोल, तेव्हा खरं सांगते, मी नाक मुरडलं. हिंसेवर बोलावं, किमान वेतनावर बोलावं, हे नाश्ताबिश्ता काय? गुळगुळीत मासिकांमध्ये असतं ना, 'कमी पिष्टाचा नाश्ता करा, दिवसभर ताजंतवानं राहा', शेजारी खिडकीपाशी बसलेल्या सडपातळ बाईचा फोटो आणि खाली बदामाच्या पिठाचे पॅनकेक. आपल्या बायकांनी बदामाचं पीठ कुठून आणायचं? पण मग विचार करत गेले, तेव्हा लक्षात आलं की हा विषय माझ्या घरात केव्हाचा येऊन बसलेला आहे.

माझी आई भाईंदरहून चर्चगेटला नोकरीला जायची. ५ मे १९९२ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष गाडी सोडली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. आईच्या पिढीला त्या गाडीचं केवढं अप्रूप! संध्याकाळच्या गाडीत बायका मटार सोलायच्या, मेथी निवडायच्या, रात्रीच्या स्वयंपाकाची अर्धी तयारी गाडीतच उरकायची. सकाळच्या गाडीत मात्र स्वतःचा डबा उघडून खाणारी बाई क्वचित, असं आई सांगायची. ती स्वतः चहा आणि दोन ग्लुकोजची बिस्किटं यावर निघायची, आणि ऑफिसात पोचल्यावर पुन्हा चहा.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी दोन मिनिटांत यादी सांगितली, भात बंद, बटाटा बंद, साखर बंद. गोळी चालू. काय खायचं ते कुणीच सांगितलं नाही. ती सकाळी काय खाते, हेही कुणी विचारलं नाही. आई आज्ञाधारक. तिने बिस्किटंसुद्धा सोडली, गोळी घेतली आणि नुसत्या बिनसाखरेच्या चहावर गाडी पकडायला गेली. फलाटावर घाम फुटून कोसळली. साखर वाढून नाही, उतरून! तेव्हा मी अकरावीत होते. पुढे मी एमएसडब्ल्यू केलं, कुपोषणावर निबंध लिहिले, पण आपल्या घरातलं हे कुपोषण आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. कारण आई चांगली अंगापिंडाने भरलेली होती.

आणि आता मी. दुसऱ्या बाळंतपणात माझी साखर वाढली होती, ती नंतर उतरली. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो, म्हणून दरवर्षी तपासावं लागतं. यंदा तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी ६.१ आली. ६.५ला मधुमेह म्हणतात. म्हणजे मी उंबरठ्यावर उभी आहे. तेव्हा आज मी तुम्हाला शिकवायला आलेली नाही, मी स्वतःच्या ताटाकडे बघायला लागले आहे ते सांगते.

आधी आत काय घडतं ते साध्या शब्दांत. चहातली साखर, बिस्किट, पाव, पोहे, चपाती, भात या सगळ्यांतला पिष्टाचा नि साखरेचा भाग पोटात गेला की त्याची शेवटी रक्तात साखर होते. मैद्याचं आणि गोडाचं फार भराभर. रक्तात साखर एकदम चढली की शरीर इन्सुलिन सोडून ती खाली आणतं, आणि काही वेळाने भूक, डोकं जड, चिडचिड, पुन्हा चहा. त्याच घासाबरोबर प्रथिनं असली, थोडं तेल-तूप, दाणे असले, चोथा असला, तर अन्न जठरातून सावकाश पुढे सरकतं, साखर हळूहळू चढते आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. इतकंच शास्त्र. यात जादू नाही.

हे आपल्या एकटीचं दुखणं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्याप्रमाणे देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत, आणि माझ्यासारखे उंबरठ्यावरचे सुमारे १३ कोटी ६० लाख. त्याच पाहणीतून २०२५ साली आहाराबद्दलची माहिती बाहेर आली. आपण भारतीय माणसं दिवसभरात जी ऊर्जा घेतो, त्यातली सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवा असं म्हटलं आहे. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात दिसली, ती मला फार महत्त्वाची वाटते. मैदा किंवा पांढरा तांदूळ काढून त्या जागी तेवढंच गव्हाचं किंवा नाचणी-बाजरीचं पीठ ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टाचा थोडा वाटा काढून त्या जागी डाळी-कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे यांतली प्रथिनं आली, तिथे धोका कमी दिसला. नाचणी वाईट नव्हे, तिच्यात कॅल्शियम भरपूर. पण चपातीऐवजी तीन नाचणीच्या भाकऱ्या खाल्ल्या आणि सुटलो, असं होत नाही.

आता मला एक सांगा, हे ६२ टक्के आपण हौसेने खातो का? रेशनच्या दुकानात काय मिळतं? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, आणि २०२३पासून ते फुकट झालं. त्या कायद्यासाठी किती जणी उन्हातान्हात उभ्या राहिल्या हे विसरून चालणार नाही, पोट भरणं ही पहिली गोष्ट. पण ते धान्य म्हणजे मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ कायद्यात नाही. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात एक किलो चणाडाळ होती, आणि जोडीला एक किलो साखर, एक किलो रवा आणि एक लिटर पामतेल! शाळेतल्या पोरांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं नोव्हेंबर २०२३मध्ये ठरलं, आणि जानेवारी २०२५मध्ये सरकारने त्याचे पैसे देणं थांबवलं, शाळांनी लोकसहभागातून बघावं म्हणे. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. तेव्हा मागणी होती तेल, साखर, धान्य रास्त दरात मिळावं. आज लाटणं उचलायचं तर डाळीसाठी आणि अंड्यासाठी उचलावं लागेल, असं माझं मत आहे.

पण तोवर उद्या सकाळी काय करायचं?

पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. त्यातली पंधरा ग्रॅम सकाळी पोटात गेली तर अकरा वाजताचं गळून जाणं बरंच कमी होईल. पंधरा ग्रॅम म्हणजे किती? एका अंड्यात सहा. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, शेंगदाण्यात सुमारे सात. तेवढ्याच फुटाण्यांत सहाएक. कोरडे मूग पन्नास ग्रॅम घेतले तर बारा. म्हणजे दोन अंडी आणि अर्धी मूठ दाणे, झालं काम. आता बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला तरी हे जमत नाही, नुसतं पोट फुगतं.

अंड्याची भुर्जी, ऑम्लेट तुम्हाला मी सांगायला नको. त्यात कांदा-टोमॅटोबरोबर मूठभर पालक नाहीतर मेथी टाका, आणि दोन पावांऐवजी अर्धी चपाती. रात्री मूग भिजत घाला, सालासकट. सकाळी आलं-मिरची घालून वाटा आणि तव्यावर धिरडं घाला. तांदूळ मिसळू नका, सवयीने हात जातो डब्याकडे. मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ, वर लिंबू. वाटीभर उसळीला पाव हवाच असं काही नाही, चमच्याने खाता येते. झुणका रात्रीच थोडा जास्त करून ठेवा. जवसाची, कारळ्याची चटणी दह्यात कालवून घ्या. पोहे आवडतात ना? मलाही. मग मापं उलटी करा. मूठभर पोहे, आणि दाणे, वाटाणे, कांदा, गाजर मिळून दोन मुठी. पोह्यांत दाणे घालण्यापेक्षा दाण्यांत पोहे घाला म्हणा ना.

एक खुलासा करायला हवा. डाळीत, मुगात पिष्ट नसतंच असं नाही, चांगलं निम्मं असतं. पण बरोबर प्रथिनं आणि चोथा येतो, म्हणून ते भरकन साखर चढवत नाही. अंड्यात आणि माशात मात्र पिष्ट जवळजवळ नाहीच. शेंगदाण्यात थोडंसं.

आपलं गाव तर अशा खाण्याची शाळाच आहे. उत्तनला जाऊन बघा, किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात. सुका बोंबील, जवळा हे प्रथिनांचं कोठार. कोळणींच्या घरात सकाळी सुक्याची चटणी आणि भाकरी हे काही नवीन नाही, फक्त भाकरी अर्धी आणि चटणी दुप्पट करायची. जवळा नीट धुवून घ्या, मीठ फार असतं, रक्तदाबवाल्यांनी जपून. राई-मुर्ध्याच्या आगरी घरांतही तेच. आपल्या उत्तर प्रदेश-बिहारच्या मैत्रिणी सत्तू घोळून पितात, कांदा, लिंबू, मीठ घालून. भाजलेल्या चण्याचं पीठ ते, डब्यात भरून मशीनवर नेता येतं. नयानगरमधल्या मैत्रिणींनी मला विचारलं होतं की रोज्यात सहरीला काय खाल्लं तर दिवस निभेल. त्यांनाही मी हेच सांगितलं, शेवया आणि पाव कमी, अंडी, दही, चणे जास्त, आणि पाणी. आणि आपल्या संकष्टी-गुरुवारच्या उपवासांचं काय? साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. उपवास करूच नका असं म्हणण्याचा मला अधिकार नाही, पण करायचाच तर दाणे, दही, राजगिरा यांवर करा. आठवड्यात तीन-तीन उपवास का करावे लागतात आणि ते बाईनेच का, त्यावर वेगळी बैठक घेऊ.

चहा सोडा असं मी म्हणत नाही, मलाही सुटलेला नाही. पण जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, म्हणजे २०१९-२१ची, महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. तेव्हा नाश्ता आधी, त्यावर लिंबू, आणि चहा तासाभराने.

आणि हे अगदी नीट ऐका. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी माझं ऐकून उद्यापासून भात-चपाती एकदम तोडू नका. माझ्या आईचं झालं तसं होईल. आधी डॉक्टरांना सांगा, "मी खाणं बदलते आहे, गोळी बदलायची का?" असं स्पष्ट विचारा, घाबरू नका. गरोदर बायकांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय काही करू नये.

२०१८च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरांत एक वाद रंगला होता, आठवतो? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणायचे दिवसातून दोनदाच खा, ऋजुता दिवेकर म्हणायच्या थोडं थोडं दर दोन तासांनी खा. माणसं भांडत होती. तेव्हा आमच्या एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मी लग्न झाल्यापासून दोनदाच खाते, मला कुठे कुणी विचारलं?" सगळ्या हसलो. पण निवडून उपाशी राहणं आणि वेळच न मिळाल्यामुळे उपाशी राहणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत, कारण त्या तुम्हीच मला सांगितल्या आहेत.

"अंडी आणते, पण ती पोराला नि त्याच्या बापाला." एक अंडं सात-आठ रुपयांना, सहा आणली की घरात चार माणसं. बाई आपलं नाव त्या हिशेबात धरतच नाही. हे कुणी जबरदस्तीने करायला लावत नाही, म्हणून तर ते दिसत नाही. मुलीलाही आपण तेच शिकवतो. भावाला पूर्ण अंडं, तिला पिवळं नको म्हणून पांढरं! मी म्हणते कमी आणा, पण वाटणी मोजून करा. एक दिवस मुलाने फुटाणे खाल्ले तर तो वाळणार नाही.

"ज्या घरी काम करते तिथे अंडं चालत नाही, डब्याचा वास आला तरी बोलतात." हेही खरं. कुणाच्या घरात काय शिजावं हा त्यांचा प्रश्न, पण कामाला येणाऱ्या बाईच्या डब्यावर पहारा ठेवण्याचा हक्क त्यांना नाही. तो वाद आपण संघटनेतून घालू. तोवर दाणे-फुटाणे-सत्तू पिशवीत ठेवा.

स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत पॉलिशला, पॅकिंगला जाणाऱ्या मैत्रिणींनी जे सांगितलं ते ऐकून मी गप्प झाले होते. त्या म्हणाल्या, "सकाळी खाल्लं, पाणी प्यालं की जावं लागतं. तिथे बायकांना संडास नाही. म्हणून आम्ही दुपारपर्यंत काही घेतच नाही." बघा, नाश्त्याची गोष्ट कुठे येऊन पोचली! मुंबईत २०११पासून 'राइट टू पी'ची मोहीम बायकांनी चालवली ती याचसाठी. आपल्याकडे मागणीपत्राचं काम अर्धवट राहिलेलं आहे. कुठल्या गल्लीत किती गाळे, किती बायका, किती संडास, ही मोजणी या महिन्यात पुरी करायची असं मागच्या खेपेला ठरलं होतं. दोन गल्ल्या झाल्या, पाच राहिल्या. नावं आज द्यायची आहेत.

आणि वेळ. "ताई, धिरडी घालायला वेळ कुणाकडे आहे?" मूग भिजत घालायला नवऱ्याला येतं. अंडी उकडायला बारा वर्षांच्या मुलाला येतं. माझ्या घरी मी हे सुरू केलं तेव्हा पहिले पंधरा दिवस रोज भांडण झालं. अंडी फुटली, मूग आंबले, एकदा पातेलं जळलं. मी ते जळकं पातेलं घासलं नाही. तसंच ओट्यावर ठेवून गाडी पकडली. संध्याकाळी आले तर घासलेलं होतं, कुणी घासलं ते मी विचारलं नाही. आता सकाळी अर्धा तास माझ्याकडे उरतो असं नाही, दहा मिनिटं उरतात. त्या दहा मिनिटांत मी बसते. उभ्याने, ओट्याशी, एका हाताने चपाती लाटत दुसऱ्या हाताने घास, असं खात नाही.

आईला हे सांगितलं तर तिला ते अजून पटत नाही. सगळ्यांची पानं झाल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही म्हणते. परवा तिच्या घरी गेले, तिच्यासाठी दोन अंड्यांची भुर्जी केली, समोर बसले. तिने अर्धी खाल्ली आणि उरलेली वाटीत काढून ठेवली. "जावईबापू येतील ना संध्याकाळी," म्हणाली.

पुरे झालं बोलणं. मागे पातेल्यात मटकीची उसळ आहे, गोडदेवच्या गटाने पहाटे उठून केली आहे. वाट्या मोजून आणल्या आहेत. ज्यांनी केली त्यांनी आधी घ्या आणि खाली बसून खा. वाढायचं काम आज मी आणि संयोजक बघतो. गल्ल्यांच्या मोजणीसाठी नावं देणाऱ्यांनी वाटी घेऊन माझ्याजवळ या.